न पाहिलेल्या घराचा पंच

चंद्रभानला वकील व्हायचं होतं. तिवस्याच्या माळ्याचा हा पोरगा. बाप नत्थुजी झेंडू-शेवंती पिकवून अमरावतीच्या बाजारात विकायचा. पोराचं नाव नागपूरच्या कायद्याच्या वर्गात लागलं, तेव्हा भाऊबंद हसले होते. म्हणाले, आता हा जजसाहेबाले हार घालीन.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सुटीत कचेरीत उमेदवारी करायची, म्हणजे बिनपगारी राबून काम शिकायचं, आणि शेवटी साहेबाचा दाखला घ्यायचा. चंद्रभानला अकोल्याच्या एका पोलीस ठाण्यात जागा मिळाली. तिथला दाखला आणलास तर हाताखाली घेतो, असं अकोल्यातल्याच एका वकिलाने कबूल केलं होतं. माळ्याच्या पोराला दुसरं कुणी उभं करणार नव्हतं.

ठाण्यात कायदा कुणी शिकवत नसे. नकला करायच्या, माठ भरायचा, ठाणेदाराचं पान आणायचं आणि सही करायची. घराची झडती घेताना वस्तीतले दोन भले लोक पंच म्हणून हजर लागतात. पण पोलिसांसोबत शेजाऱ्याच्या घरात शिरायला तयार कोण होणार? म्हणून पंच ठाण्यातच असत, समोरचा पानवाला आणि आत बसलेला उमेदवार. पंचनामा लिहून यायचा आणि हे बसल्या जागी सही ठोकायचे. रीत इतकी मुरलेली, की तिला खोटेपणा म्हणायचं कुणाला सुचतही नसे. चंद्रभान पहिल्यांदा अडखळला, तेव्हा खुशालराव हवालदाराने त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वकील होनार नं तू? मंग सही कराले कावून थांबून राह्यला?"

त्यानंतर तो थांबला नाही.

बिस्मिल्लाबी घरोघर बांगड्या भरायची. एका व्यापाऱ्याच्या घरी ती सुनांना बांगड्या भरून गेली आणि संध्याकाळी त्या घरातल्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. व्यापारी ठाणेदाराच्या बैठकीतला. पाटल्या सापडल्याच पाहिजेत, असं वरून ठरलं, आणि सापडल्या. बिस्मिल्लाबीच्या घरातल्या धान्याच्या कणगीत, दोन पंचांसमक्ष. चंद्रभानने सही केली तेव्हा तो माठ भरून नुकताच टेकला होता.

ती कच्च्या कैदेत गेली. खटला उभा राहिला, तेव्हा खुशालरावाने चंद्रभानला पढवलं. कणगी कोपऱ्यात होती, पाटल्या फडक्यात होत्या, घरात कोणी नव्हतं. दाखला लिहून तयार होता, फक्त ठाणेदाराची सही राहिली होती. ती साक्षीनंतर मिळणार होती.

कोर्टात त्याने पढवलेलं सगळं नीट सांगितलं. बिस्मिल्लाबीला वकील नव्हता. साक्षीदाराला काही विचारायचं आहे का, असं मॅजिस्ट्रेटने तिलाच विचारलं. ती विनवणी करील असं चंद्रभानला वाटलं होतं. तिने चिडलेल्या आवाजात एवढंच विचारलं,

"बाबू, तुमी माह्या घरात गेल्ते तवा तिथं कोन होतं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. कोणी नव्हतं. खुशालराव दाराशी उभा राहून मिशीवर बोट फिरवत होता. चंद्रभानने तिच्या मनगटांकडे पाहिलं. बांगड्या भरणाऱ्या बाईचे दोन्ही हात उघडे होते. कैदेत जाताना तिच्याच बांगड्या उतरवून घेतलेल्या असाव्यात.

"मले मालूम नाही," तो म्हणाला. "मी त्या घरात गेलोच नाही. ठान्यात बसून सही केली."

पंचनाम्यात जीव राहिला नाही. ती सुटली. मॅजिस्ट्रेटने चंद्रभानला खोट्या सहीबद्दल भर कोर्टात झापलं, खटला भरायची धमकी दिली. खुशालरावाला कुणी काही विचारलं नाही.

बाहेर लिंबाखाली तिने त्याला गाठलं. तिने सांगितलं, झडतीच्या वेळी घरात तिचा नवरा होता. लकव्याने वाचा गेलेला कुर्बान दाराशीच खाटेवर पडून असायचा. पोलीस कणगीशी काय करत होते ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. ती कैदेत असताना शेजारीण त्याला भाकर कुस्करून घालत होती, म्हणून तो जगला. चंद्रभान माफी मागू लागला. तिने त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

"आज खरं बोलले, त्याचे काय पाय धरू तुमचे? सही कावून केली ते सांगा."

उत्तराला न थांबता ती गेली. तो मात्र तिथे उभा राहिला नाही. त्याच्या सह्या आणखीही कागदांवर होत्या. त्याच दुपारी तो वकिलांच्या बैठका फिरू लागला. कोणत्या खटल्यात, कुणाच्या घराचा मी खोटा पंच आहे, ते सांगत सुटला. दोघांनी त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवलं. हाताखाली घ्यायचं कबूल केलेल्या वकिलाने पान थुंकून सांगितलं, पोलिसांशी वाकडं घेऊन माझी वकिली चालत नाही. एकाने मात्र ऐकून घेतलं आणि अपील केलं. त्या अपिलात वाशीमकडचा एक गवंडी सुटला. त्याच्या सहीने अडकलेले बाकीचे आपापली शिक्षा भोगून आले; एक आलाच नाही.

चंद्रभान तिवस्याला परतला आणि जन्मभर फुलं तोडत राहिला. एका बाईपायी हुशार पोराचं वाटोळं झालं, असं गाव हळहळून सांगतं. त्या ठाण्यात पुढच्या सुटीत नवा उमेदवार बसला. तो काय शिकला, हे कुणी विचारत नाही. जो तुरुंगातून आलाच नाही, त्याच्यासाठीही कुणी हळहळत नाही.