दाराला टेकवलेला कप

माझी मावशी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तिच्या ऑफिसचं दार वाऱ्याने आपटतं, म्हणून तिने त्याला एक पितळी कप टेकवून ठेवलाय. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बास्केटबॉलची सर्वोत्तम नवी खेळाडू म्हणून तिला तो मिळाला होता. "एवढा जड कप नुसता कपाटात ठेवायचा म्हणजे उधळपट्टी," ती म्हणते. दुसऱ्याच वर्षी तिचा गुडघा गेला आणि खेळ सुटला. त्यावर कोणी हळहळलं की मावशीचं डोकं फिरतं.

तोच पुरस्कार द्यायला कॉलेज तिला दरवर्षी बोलावतं. यंदा सूत्रसंचालकाने गळा काढला, "गुडघ्याने दगा दिला नसता, तर आज मॅडम कुठे असत्या!"

मावशीने त्याच्या हातातला माइकच काढून घेतला. "कुठे म्हणजे? तिथेच, तुझ्या शेजारच्या सीटवर. शिकताना माझी गाडी दोनदा भिंतीवर घातलीस, विसरलास?"

सगळं सभागृह खो खो हसलं. कप घ्यायला आलेली उंच मुलगी मात्र हसली नाही. तिने हळूच विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी माझंही असंच झालं तर?"

माइक चालू होता, त्यामुळे प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला आणि हसू थांबलं.

मावशीने कप तिच्या हातात दिला. "झालं तर झालं. पुढचं वर्ष पुढच्या वर्षी बघू. हे वर्ष तू खेळून कमावलंयस. ते परत घ्यायची कोणाच्या बापाची बिशाद नाही."