निम्मं आटवलेलं पाणी

नगरहून एस.टी. जामखेडच्या दिशेने निघाली आणि दोन तास खिडकीबाहेर हिरवं म्हणून काही दिसलं नाही. बहात्तरचा दुष्काळ. मी पुण्यातल्या पाणी-तपासणी कचेरीतला केमिस्ट. पेटीत काचेच्या नळ्या आणि अंगात साहेबी तोरा. एका वस्तीवर (गावाबाहेरची थोडी घरं) तान्ही मुलं निळी पडताहेत, असं पत्र आलं होतं. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

गावाजवळ एकदम हिरवंगार शेत दिसलं. जीव सुखावला, तेवढ्यात वास आला. गावाची गटारं एका तळ्यात येत आणि ते पाणी पुढे घासाला (जनावरांच्या चाऱ्याला) सोडत. घाण तळाशी बसे, पण पाण्यात विरघळलेलं नत्र तसंच राही. ते जिवाणूंकरवी काढून टाकायची युक्ती निघाली आहे, असं मी नुसतं वाचलं होतं. इथे ते मुरमातून झिरपत वस्तीच्या विहिरीत उतरत होतं. बाकीच्या विहिरी कोरड्या ठणठणीत. हीच तेवढी भरलेली, पाणीही नितळ. नळीत घेऊन औषध टाकलं, तर लालसर पिवळं झालं. म्हणजे नत्र भरपूर, आणि तान्ही मुलं निळी पडतात ती त्यानेच.

वस्तीवरच्या मंजुळाबाईंनी भाकरी-ठेचा पुढे केला. दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांचं दूध आटलं होतं. चार महिन्यांच्या मुलीला सरकारी भुकटीचं दूध चालू होतं. तिचे ओठ पिकल्या जांभळासारखे दिसत होते.

"भुकटीत पाणी कुठलं घालता, बाई?"

"हिरीचंच. पर तसंच न्हाई घालत. तुमच्याच हापिसाचा कागद मास्तरांनी वाचून दावला हुता, पानी उकळा म्हून. मी निम्मं हुईस्तवर उकळते, साहेब."

भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. उकळल्याने जंतू मरतात. नत्र जात नाही, पाणी आटेल तसं उलट वाढतं. दोन वर्षांपूर्वीचा तो कागद मीच लिहिला होता.

"ते पाणी ओतून टाका. आत्ताच्या आत्ता!" मी ओरडलोच.

खडीच्या ट्रकमधून पोरीला नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन टोचलं आणि तासाभरात तिचे ओठ लाल झाले. ती मोठ्यांदा रडली तेव्हा मंजुळाबाई हसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"साहेब, परार साली माझा थोरला तान्हा असतानाच असा गेला. ताप न्हाई, काय न्हाई, नुसता निळा पडला. त्याला बी म्या उकळूनच दिल्तं. मंग म्याच मारला का त्याला?"

"नाही हो, बाई. विहिरीचा दोष," मी म्हणालो. कागद माझा, हे सांगायचा धीर झाला नाही. पोरगी वाचवली म्हणून त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी ते ठेवू दिलं, याची मला आजही लाज वाटते.

पुण्याला पोचलो तेव्हा बायकोने विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"पोरगी वाचली," मी म्हणालो. सांगण्यासारखं तेवढंच होतं.