मिरचीवाल्याची मुलगी
ब्याडगी मिरचीचा खकाणा उठला की मला हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरचा इंग्रजीचा क्लास आठवतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिथल्याच बाजारात अप्पांचं मिरचीचं दुकान होतं. मी दुकानात बसून तिथूनच क्लासला जायचे, त्यामुळे माझ्या ओढणीनंसुद्धा लोकांना ठसका लागायचा. शेजारची मुलगी नाकाला रुमाल लावून म्हणायची, "अय्यो, जरा लांब बस की गं!" एकदा सरांनी भूतकाळ शिकवला आणि म्हणाले, "काल घरी काय चाललं होतं आणि तेवढ्यात काय घडलं, ते इंग्रजीत सांगा." सगळ्यांनी पुस्तकातलंच सांगितलं. कुणी वाचत होतं आणि फोन वाजला, कुणी झोपलं होतं आणि पाहुणे आले. शेजारचीचा रुमाल नाकावर होताच, मी रागातच उठले. मी म्हणाले, "माय फादर वॉज वेइंग चिलीज. द होल मार्केट वॉज स्नीझिंग. आय डिड नॉट स्नीझ!" वर्ग खो खो हसला. मग सरांनी टाळ्या वाजवल्या, आणि रुमालवालीनंही रुमाल खाली ठेवून वाजवल्या. परवा सून मिरच्या भाजत होती. घरभर सगळे शिंकत होते. मी नाही.