मंगलताईंचा चिखल

"बघ, काय पाऊस पडलाय!" सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता मंगलताई म्हणायच्या. नवा माणूस लगेच खिडकीबाहेर बघायचा, तर बाहेर लख्ख ऊन. हा पाऊस हजारो वर्षांपूर्वीचा असायचा. अरबी समुद्राच्या तळाशी थरावर थर साचलेल्या चिखलातले वाळूच्या कणाएवढे शंख ताई ओल्या ब्रशने वेचायच्या आणि कुठल्या जातीचे किती सापडले त्यावरून तेव्हाचा मान्सून सांगायच्या. सांगायच्या मात्र शेजारणीची भानगड सांगावी तशा. "मधे हजारभर वर्षं नुसतं रडवलंय गं याने सगळ्यांना!"

नवी मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एकदा मी शिंकले आणि त्यांनी दिवसभर वेचलेले शंख भुर्रकन उडाले. मी रडायच्या बेतात. ताई शांतपणे म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नको. खाली चिखल संपलेला नाही अजून."

पण हा चिखल काढणारं जहाज त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नेरूळला दोन खोल्यांत धाकटा भाऊ दिगू असायचा. वय चाळिशीचं, समज लहान पोराची. ताईंनी भरवल्याशिवाय तो घास घ्यायचा नाही. आई गेल्यापासून त्या साताऱ्याला गावीसुद्धा जाऊ शकल्या नव्हत्या. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो, तेव्हा त्या घरी जायला रिक्षा शोधत असायच्या.

निवृत्ती जवळ आली असताना जहाजावर जाण्यासाठी त्यांची निवड झाली. महिनाभराची सफर. ताई कॉलेजातल्या पोरीसारख्या हरखल्या. दिगूसाठी एक मावशी ठेवली आणि त्याला सवय व्हावी म्हणून स्वतः दोन दिवस माझ्याकडे तळवलीला राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी मावशींचा फोन आला. "ताई, तुमी या. पानी पन घेत नाय तो." ताईंनी पिशवी उचलली.

त्यांच्या जागी मला पाठवलं. मला जायची लाज वाटत होती, तरी गेले. परतल्यावर त्यांच्या घरी जाऊन मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. समुद्रातून लांबलचक नळी डेकवर येते, तिच्या तोंडातून हिरवट चिखल गळतो. दिगू आत झोपला होता. ताई स्क्रीनवर वाकून बघत होत्या.

"जहाज सुटलं ना, त्या दिवशी मी दिगूला मारलं," त्या एकदम म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा. वरण सांडलं त्याने, एवढंच. तो रडला नाही गं. माझाच हात लाल झाला म्हणून फुंकर घालत बसला."

मला रडू आवरेना. ताईंनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.