दोन दवाखाने, दोन साडू

पडेगावात आमचे हे माणसांचे डॉक्टर, तर माझ्या अक्काचे यजमान, आमचे दाजी, जनावरांचे. दोन्ही दवाखान्यांची भिंत एकच. पण एका लग्नात दाजींना फेटा बांधला अन् ह्यांच्या हातात नुसती टोपी ठेवली, तेव्हापासून साडू-साडू बोलत नव्हते.

पुढं वरून हुकूम आला की, तापाची साथ दिसली की दोन्ही दवाखान्यांनी एकमेकांना खबर द्यायची. ती अक्का अन् मी भाजी निवडताना देत होतो. सरकारला वाटलं, यंत्रणा चालू झाली.

मग दाजींनाच ताप आला. उतरायचा, परत चढायचा. अक्कानं त्यांना ओढतच आमच्याकडं आणलं. हे नाडी धरून मला म्हणाले, "त्यांना विचार, गाभ टाकलेल्या म्हशीला हात लावला होता का?"

दाजी अक्काला म्हणाले, "सांग त्यांना, व्हय."

रक्त तपासलं, रोग म्हशीचाच निघाला. औषधानं बरे झाल्यावर दाजींनी अक्काच्या हाती फेटा पाठवला. तो बांधूनच ह्यांनी दिवसभर पेशंट तपासले अन् संध्याकाळी मला म्हणाले, "त्यांना सांग, जरा सैल होतोय."