गार इंजिनाचा आवाज

जुनी गाडी बघायला सकाळीच जायचं आणि गाडीवाल्याला आधी फोन करून बजावायचं की आम्ही येईपर्यंत चावीला हात लावू नका, हा अप्पांचा नियम. अप्पा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी सोलापुरात गॅरेज चालवलं. इंजिनाच्या आत टायमिंग चेन असते. ती झिजून सैल झाली की गार गाडी सुरू करताना पुढच्या बाजूला खडखडते, डब्यात खिळे हलवावेत तशी. ऑइल वर चढलं की आवाज बसतो. म्हणून लबाड माणूस गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतो. अशी चेन चालत्या गाडीत तुटली, तर इंजिनाची वाट लागते. गॅरेज बंद केल्यावरही लोक गाडी बघायला अप्पांनाच न्यायचे. ते 'घ्या' म्हणाले की विषय संपला.

माझी बदली मंगळवेढ्याच्या पुढच्या एका शाळेत झाली. रोज दोन एसट्या बदलून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मी हट्टच धरला की जुनी का होईना, गाडी घ्यायची. अप्पा टाळाटाळ करू लागले. "दुसऱ्या कुणाला तरी ने की," म्हणाले. मला रागच आला. गावभरच्या गाड्या बघायला वेळ आहे आणि पोटच्या पोरीसाठी नाही, असं मी तोंडावर सुनावलं. मी आहेच तशी. मग ते मुकाट्याने आले.

गाडी शहरातल्याच जुळे सोलापूर भागात, एका निवृत्त मास्तरांची होती. अप्पांनी बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. मास्तरांनी चावी फिरवली आणि चेन खडखडली, चांगली पाच-सहा सेकंद. अप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मी चेहरा कोरा ठेवला. मला ऐकू आलंच होतं, पण परक्या माणसासमोर अप्पांच्या आधी आपण काही दाखवायचं नाही, एवढी अक्कल मला होती.

"ठणठणीत हाय," अप्पा म्हणाले. "चेनला काय झालेलं न्हाय."

मी चमकले. मास्तरच ओशाळले. भला माणूस. "मालक, सकाळी जरा वाजती की ती. मी सांगणारच होतो तुम्हाला."

"न्हाय वाजत. जन्म गेला माझा ह्यात."

"अहो, आत्ताच वाजली की."

अप्पांचा आवाज चढला. शेजारची माणसं गॅलरीत येऊन बघू लागली. मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की माझ्या जिभेला हाड राहत नाही. "अप्पा, वाजली! मला इथवर ऐकू आली. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

अप्पांनी स्क्रूड्रायव्हर रुमालाने पुसला, पिशवीत घातला आणि गेटबाहेर जाऊन उभे राहिले. मास्तर बिचारे चहाचा आग्रह करत होते.

रिक्षात ते बाहेर बघत बसले. मी फुगले होते. घरी टीव्ही मोठ्याने लावतात, हाक मारली तर वळून बघत नाहीत, हे मी कधीपासून बघत होते, पण तो त्यांचा हेकटपणा असं मी ठरवून टाकलं होतं. त्यावरून त्यांच्याशी भांडलेही होते.

घरी आल्यावर ते कॉटवर बसले. मी पाणी दिलं. पेला हातात धरूनच ते बोलू लागले.

"दोन वर्षं झाली. बोललेलं कळतंय. बारीक आवाज येत न्हाईत."

"मग लोकांच्या गाड्या कशा बघता?"

"माणसाच्या तोंडाकडं बघतो. चेन वाजली की घेणाऱ्याच्या कपाळाला आठी पडती. त्यावरनं सांगतो. लई दिवस असं चालायचं न्हाय, म्हणून तर तुला नको म्हणत हुतो." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग म्हटलं, आज तर लेकच संगं हाय. तिच्या तोंडावरनं कळंल. तू हूं का चूं केलं न्हाईस. मला वाटलं, वाजली नसंल."

जन्मभर नको तिथे तोंड चालवणारी मी, नेमकी आज शहाण्यासारखी उभी राहिले होते. मी खाली बसले, त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडले. चुकले अप्पा, चुकले, एवढंच म्हणत राहिले.

अप्पा माझ्या डोक्यावरून हात फिरवत वाकले.

"काय म्हणतीस, बाय?" ते विचारत होते. "जरा मोठ्यानं बोल की."