मोशी ते चाकण, व्हाया पिंपरी: रॅमच्या दोन पट्ट्या आणि एक पेन्सिलचं ड्रॉइंग

गुरुवारी संध्याकाळी आमच्या ह्यांनी कॉम्प्युटर बंद केला, चष्मा काढला आणि जाहीर केलं, "आता बस. बाळासाहेबांना सांगतो, हे काम भोसरीच्या पोरांना द्या म्हणून."

हे एका कारखान्याच्या टूलरूममधून, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या विभागातून, निवृत्त झालेत. चाकणला बाळासाहेबांचं छोटं वर्कशॉप आहे, त्यांना हे घरी बसून ड्रॉइंग करून देतात. यावेळी आलेली फाइल इतकी जड होती की ती उघडताना कॉम्प्युटर जागीच गोठायचा. काम सोमवारी दुपारी द्यायचं होतं.

काम गेलं तर उपाशी राहणार नव्हतो. पण निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने मी विसरलेले नाही. तेव्हा ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून त्यांना नंबर दिले होते. हिंग सतराव्या नंबरला होता. ते दिवस मला परत नको होते.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काकू, नवा कशाला घेता? रॅम वाढवा आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका." ह्यांनी त्याचं स्वतःच्या भाषेत भाषांतर केलं. "म्हणजे बेंच छोटं आहे आणि स्टोअर लांब आहे. बेंच मोठं करायचं, स्टोअर शेजारी आणायचं." यापेक्षा सोपं कुणी सांगितलं तर मला कळवा.

शुक्रवारी ह्यांनी रॅमची एक पट्टी काढली, व्हर्नियरने मापली आणि ड्रॉइंग शीटवर पेन्सिलने तिचं पूर्ण आकाराचं चित्र काढलं. लांबी, जाडी, खालची खाच, सगळं मापांसकट.

मी म्हटलं, "पट्टीच पिशवीत टाका की."

"मूळ पार्ट टूलरूमबाहेर जात नाही. ड्रॉइंग जातं."

"ही टूलरूम नाही. हा हॉल आहे."

ह्यांनी ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं. कोपऱ्यात 'काढले' आणि 'तपासले' असे दोन रकाने होते. दुसऱ्या रकान्यात सही झाल्याशिवाय ड्रॉइंग दाराबाहेर जाणार नाही म्हणाले. गॅसवर भाजी होती. मी न बघता सही ठोकली.

शनिवारी साडेनऊला मोशीहून स्कूटरवर निघालो. चालवणारी मी, कारण ह्यांचे गुडघे. हे मागे, ड्रॉइंगची गुंडाळी छातीशी धरून. पिंपरीला जायला स्पाइन रोड बरा पडतो. भोसरीतून गेलात तर नाश्त्याची वेळ रस्त्यातच टळेल. पिंपरी कॅम्पात दाल-पकवान खा. कुरकुरीत पकवानावर हरभऱ्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. दोघांत एक प्लेट पुरते. ह्यांना पुरली नाही.

कॉम्प्युटरच्या दुकानांची गल्ली जवळच आहे. स्कूटर मात्र बाजाराबाहेर लावा, आत वळवायलाही जागा नसते. आम्ही गेलो त्या दुकानातल्या मालकाने आधी लाइट लागणाऱ्या रॅम दाखवल्या. लाल, हिरव्या, निळ्या.

"ताई, यात लाइट आहे."

"घरात ट्यूबलाइट आहे."

मग त्याने एक चपटी, बोटभर एसएसडी काढली. साध्यापेक्षा कितीतरी पट वेग, म्हणाला. ह्यांनी विचारलं, "ही बसवायची कशावर?" आमच्या बोर्डवर तिची जागाच नाही, हे हळूहळू निष्पन्न झालं. शेवटी पाचशे जीबीची साधी, वायर लावायची एसएसडी घेतली. लक्षात ठेवा, जुन्या मशीनला ती पुरते. वरचा वेग तुमचा बोर्ड घेणार नसेल तर तुम्ही पैसे फक्त खोक्यावरच्या आकड्याचे देता.

आता रॅम. ह्यांनी काउंटरवर ड्रॉइंग उलगडलं. मालकाने ते उलटसुलट करून पाहिलं.

"काका, रॅम अशी मापून कोण घेतं राव? जनरेशन सांगा. डीडीआर थ्री का फोर?"

"माप दिलंय ना."

मी मध्ये पडले. "आठ वर्षांपूर्वी घेतलाय."

"मग फोरच." त्याने दोन पट्ट्यांचं पारदर्शक पाकीट चित्रावर ठेवलं. लांबी तंतोतंत जुळली. भाव ऐकून मी पुन्हा विचारला. मेमरी सध्या सोन्यासारखी चढली आहे म्हणे, मोठमोठे डेटा सेंटरवाले सगळा माल उचलतात.

हे वाकून म्हणाले, "खाच जरा बघू..."

"अहो, लांबी जुळली ना? चला, चाकणला ट्रॅफिक लागेल."

लागलाच. इंद्रायणीचा पूल ओलांडला की कंटेनरच्या मागे कंटेनर. दुचाकीवर असाल तर तोंडाला रुमाल बांधा आणि घाई घरी ठेवून या. मागून सूचना येत होत्या, "सुमन, डावीकडून जागा आहे." जागा नव्हती, गटार होतं.

बाळासाहेबांकडे काही मापं विचारायची होती म्हणून ही फेरी. मूळचे चाकणचेच, वडिलांच्या शेताच्या तुकड्यावर शेड टाकलेली. चहा आला. नवीन खरेदी दाखवायची म्हणून ह्यांनी ड्रॉइंग तिथल्या सपाट लोखंडी टेबलावर पसरलं आणि पाकीट त्यावर नीट, कडेला कड लावून ठेवलं.

दोघंही वाकले. पट्टीची खाच चित्रातल्या खाचेपासून नखभर सरकलेली होती.

"काकू, ह्ये न्हाई बसायचं," बाळासाहेब म्हणाले.

"कॉम्प्युटर आठच वर्षांचा आहे," मी म्हटलं.

"तुमच्याकडं येऊन आठ वर्सं झाली. कंपनीच्या लिलावातला त्यो. आमी आन काकांनी एकाच लॉटमधनं उचललेले. तवाच चार-पाच वर्सं वापरलेला व्हता. म्हंजी ह्याला थ्रीच लागंल."

या पट्ट्यात असंच चालतं. कंपन्या जुने कॉम्प्युटर काढतात, लोक लॉटने उचलतात आणि घरी आलेल्या दिवसापासून त्यांचं वय मोजतात. मीही तेच केलं. एरवी मी भाजीवाल्याचीही उलटतपासणी घेते.

ह्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. "राहू दे बाळासाहेब. द्या भोसरीला." अगदी शांतपणे. मला सतराव्या नंबरचा हिंग दिसला.

बाळासाहेबांनी चहा संपवला. "काका, माळ्यावर त्याच लॉटमधले दोन कॉम्प्युटर पडल्यात. आमी नवीन घेतले, तवापासनं धूळ खात्यात." शिडी लावून ते स्वतः चढले. दोन रॅम घेऊन उतरले, आठ-आठ जीबीच्या. ह्यांनी पुन्हा ड्रॉइंग उघडलं आणि एक पट्टी चित्रावर ठेवली. लांबी जुळली. खाच खाचेवर आली.

ह्यांनी दोन्ही पट्ट्या रुमालात गुंडाळल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

"पैसे किती?" मी विचारलं.

"सोमवारी दुपारी ड्रॉइंग द्या. जमंल का काका?"

"सोमवारी दुपारी."

परतताना पिंपरी गाठली. पाकीट फोडलेलं नव्हतं म्हणून मालकाने परत घेतलं. खाचेची गोष्ट ऐकून म्हणाला, "काका, ते ड्रॉइंग मला द्या, इथं लावतो." हे म्हणाले, "तपासलेलं नाहीये ते." परतीच्या वाटेवर तेवढं एकच वाक्य.

तुम्हीही जुना कॉम्प्युटर सुधारायला निघणार असाल तर जुनी पट्टी पिशवीत टाकून न्या. रॅम जुन्या पिढीची असेल तर आधी ओळखीतल्यांचे माळे विचारा.

रविवारी पुतण्याने सगळं बसवलं. पूर्वी कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या. आता गॅस पेटवायच्या आत तयार. बाळासाहेबांची फाइल उघडली, फिरवली, उलटी केली. कुठेही अडली नाही. हे जेवायलासुद्धा दोनदा बोलावल्यावर आले.

सोमवारी सकाळी अकराला एक छापील शीट पोळपाटाशेजारी आलं. कोपऱ्यात तेच दोन रकाने. पहिला भरलेला.

"सही कर, पाठवायचंय."

मी गॅस बंद केला, हात पुसले, चष्मा लावला. मग ओट्यावर शीट पसरून डावीकडून उजवीकडे एकेक माप वाचत गेले. हे दारात उभे होते. पाच मिनिटांनी म्हटलं, "या दोन भोकांमधलं अंतर कुठे लिहिलंय?"

हे पुढे आले, वाकले. मग राहिलेलं माप घालायला शीट उचलून आतल्या खोलीत गेले. जाताना हसत होते, हे त्यांच्या पाठीवरूनही मला कळलं.